शिक्षकाचे पाचारण आणि शाळेचे वातावरण

शास्त्रपाठ : निर्गम 18:13-27

अध्यापन हे केवळ चरितार्थाचे साधन नसून पाचारण आहे, असे आपण ख्रिस्ती लोक मानतो. बेंगळुरू नगरीत या पाचारणाची परंपरा जुनी आहे. तेथे बिशप कॉटन शाळा 1865 साली, बाल्डविन शाळा 1880 साली व सेंट जोसेफ्स महाविद्यालय 1882 साली सुरू झाले. आज त्याच नगरीत संगणक-व्यवसायाने सुशिक्षितांपुढे अधिक वेतनाचे मार्ग खुले केले आहेत. अशा ठिकाणी शिक्षकाने शाळेत आनंदाने टिकून राहावे, हे कशावर अवलंबून असते?

अमेरिकेतील हॅल्पिन व क्रॉफ्ट या संशोधकांनी 71 प्राथमिक शाळांच्या अभ्यासावरून 1963 साली शालेय वातावरणाचे सहा प्रकार मांडले. एका टोकाला ‘मुक्त’ वातावरण, दुसऱ्या टोकाला ‘बंदिस्त’. बंदिस्त शाळेत मुख्याध्यापक शिक्षकांपासून दूर राहून केवळ कामाचा तगादा लावतात. निरर्थक कागदपत्रांचा भार वाढतो आणि शिक्षक देहाने वर्गात असले, तरी त्यांचे मन शाळेतून उठलेले असते. मुक्त शाळेत मुख्याध्यापक स्वतः झटतात; म्हणून त्यांना हुकूम सोडण्याची गरज क्वचितच पडते.

आपल्या शास्त्रपाठातही हेच सत्य आहे. मोशेचे पाचारण साक्षात देवाकडून होते. तरीही सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्यायनिवाडा केल्यास तो व लोक दोघेही थकून जातील, हे इथ्रोने ओळखले. त्याने मोशेच्या विश्वासाविषयी शंका घेतली नाही. कामाची रचना बदलण्यास सांगितले. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमले गेले. भाराबरोबर अधिकारही वाटला गेला. मोशेनेही सासऱ्याचा सल्ला नम्रपणे मानला.

यावरून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला व्यवस्थापनासाठी : खचलेल्या शिक्षकाला ‘ही प्रभूची सेवा आहे’ असे सांगून गप्प बसविणे योग्य नव्हे. अडवून ठेवलेल्या मजुरीची हाक देवाच्या कानी जाते, असा इशारा याकोबाने दिला आहे (5:4). दुसरा शिक्षकांसाठी : वातावरण केवळ वरून येत नाही. नवख्या सहकाऱ्याला दिलेला आधार आणि शिक्षक-खोलीत टाळलेली निंदा यांतूनही ते घडते.

पाचारण देव देतो. ते जिवंत राहील असे वातावरण राखणे मात्र आपल्याकडे सोपविले आहे.

चिंतनासाठी :
1. आपल्या मंडळीच्या शाळेत शिक्षकांचे म्हणणे कोण ऐकून घेतो?
2. त्यांचा कोणता निरर्थक भार या वर्षी कमी करता येईल?