वरची रेघ

वडील पाट्या रंगवायचे. सुतळीला खडूची भुकटी लावून पत्र्यावर दोन सरळ ओळी उठवायच्या, त्यांच्यामध्ये अक्षरं भरायची आणि वरची रेघ सगळ्यांत शेवटी ओढायची. लांब केसांच्या ब्रशनं, शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका श्वासात. रेघ मध्ये थांबली की जोड दिसतो, असं ते सांगायचे. मी रेडियम कटिंगमध्ये आलो आणि ती रेघ यंत्राच्या हवाली केली. यंत्रानं ती अक्षरागणिक तोडली. हे माझ्या लक्षात यायला एक उन्हाळा जावा लागला.

आमचं निम्मंअधिक काम नंबरप्लेटचं होतं. एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट गाडीसोबतच येऊ लागली आणि ते काम आटलं. पुढे 2022 मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीत मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षर शेजारच्या दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. मराठी नावांची कामं येऊ लागली, म्हणून मी चोवीस इंची नवा प्लॉटर, म्हणजे विनाइल कापणारं यंत्र, घेतला.

घेताना मोटर पाहिली, रूळ फिरवून पाहिले, सुरीचा दाब किती ग्रॅमपर्यंत जातो ते विचारलं. सॉफ्टवेअर सोबत मोफत होतं, एक सीडी आणि संगणकाला लावायची एक डाँगल, जिच्याशिवाय ते चालत नसे. पैसे मोजण्याआधी ते मी एकदाही उघडायला लावलं नाही. नंबरप्लेटवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे असतात, प्रत्येक सुटं. त्या कामात कुठलंही सॉफ्टवेअर कधी कमी पडलं नव्हतं, म्हणून प्रश्नच डोक्यात आला नाही.

पहिलं मोठं काम अकरा दुकानांच्या काचांचं. नावं व्हॉट्सअ‍ॅपवर आली. ती उचलून सॉफ्टवेअरमध्ये टाकली तर ‘किराणा’चा इकार क सोडून ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसला आणि ‘ज्ञानेश्वर’मधला श्व फुटून पाय मोडलेला श आणि व असे दोन झाले. आज मोबाइलवर येणारी मराठी युनिकोडमध्ये असते. त्यात अक्षरांचा क्रम साठवलेला असतो, जोडाक्षर घडवायचं काम सॉफ्टवेअरचं. ज्याला ते येत नाही, त्याला मराठी येत नाही. मी मात्र जुन्या पद्धतीचा फॉन्ट घेतला, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवलेले असतात, आणि अकराही नावं पुन्हा टाइप केली. पडद्यावर सुरेख दिसली. कापली, चिकटवली.

मे महिन्यात त्यातल्या एका दुकानदारानं बोलावून घेतलं. शिरोरेषेवर, जिथे दोन अक्षरं भेटतात तिथे, प्रत्येक ठिकाणी कोपरे उचलले होते आणि त्यांत धूळ बसून काळ्या उभ्या खुणा दिसत होत्या. बाकीच्या दहा काचांवर तेच.

कारण साधं आहे. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर शिरोरेषेचा आपापला तुकडा घेऊन येतं, आणि तो शेजारच्या अक्षरावर किंचित चढतो. छापताना शाईवर शाई पडते, जोड मिटून जातो. सुरी शाई ओळखत नाही, ती प्रत्येक अक्षराच्या कडेनं फिरते. म्हणून दर जोडाला दोन उभे काप पडतात आणि मध्ये केसाएवढी पट्टी उरते. पाच अक्षरांचा शब्द म्हणजे चार जोड, आठ काप. स्वस्तातलं विनाइल उन्हानं आकसतं आणि तिथून उठायला लागतं. यावर उपाय म्हणजे कापण्याआधी सगळी अक्षरं एकमेकांत वितळवून एकच बाह्यरेषा करणं. कोरलड्रॉमध्ये त्याला वेल्ड म्हणतात, इंकस्केपमध्ये युनियन. माझ्या प्लॉटरसोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नव्हती. अकरा नावं ड्रायरनं गरम करून, पात्यानं खरवडून काढली आणि माझ्या खर्चानं नवी लावली.

म्हणून प्लॉटर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी सॉफ्टवेअर पाहायला सांगतो, आणि तेही विक्रेत्याच्या नमुन्यावर नाही. त्याच्याकडे फुलपाखरू किंवा सुट्या इंग्रजी अक्षरांचा नमुना तयार असतो. आपला शब्द आपण न्यायचा, मोबाइलवरून पाठवायचा आणि समोर चिकटवायला लावायचा.

मापाची खात्री वेगळी करावी. शंभर मिलिमीटरचा चौकोन कापून स्टीलच्या पट्टीनं मोजावा. बहुतेक प्लॉटर एचपीजीएल ही भाषा समजतात. ह्यूलेट पॅकार्डनं ती पेननं रेघा काढणाऱ्या प्लॉटरसाठी बनवली होती, आणि तिचं एक एकक 0.025 मिलिमीटर असतं, म्हणजे शंभर मिलिमीटरला चार हजार. इथे सेटिंग चुकलं तर अख्खं काम लहान-मोठं होतं. बाहेरून आलेल्या फाइलींतही हा धोका असतो. इलस्ट्रेटर इंचाला 72 बिंदू धरतो आणि आताचं इंकस्केप 96, त्यामुळे चारशे मिलिमीटरची पाटी निमूटपणे तीनशेची होऊ शकते. ग्राहकाच्या फाइलीवर विसंबू नका, काचेचं माप स्वतः घ्या.

चौकोन नीट आला म्हणून तिथे थांबू नये. दोन मीटरचं, बारीक नक्षी असलेलं काम पाठवायला लावावं. संगणक आणि प्लॉटर यांच्यातला वेग, म्हणजे बॉड रेट, किंवा ‘थांब, आधीचं संपू दे’ हा इशारा जुळत नसेल, तर छोटं काम बिनबोभाट होतं आणि मोठ्या कामात मध्येच सुरी तिरपी धावते. अख्खं विनाइल वाया जातं. हे घरी आल्यावर कळलं तर दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो.

मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते ती अडकून पडण्याची. माझी डाँगल दीड वर्षात बिघडली, विक्रेत्यानं फोन उचलणं बंद केलं आणि त्या सॉफ्टवेअरच्या खास प्रकारात जपलेल्या दीडशे फाइली उघडेनात. काही दुकानदारांची बोधचिन्हं मला पुन्हा हातानं आखावी लागली. मोठ्या कंपन्यांकडूनही असा धक्का बसू शकतो. क्रिकट या अमेरिकी कंपनीची यंत्रं तिच्याच सॉफ्टवेअरवर चालतात. मार्च 2021 मध्ये तिनं जाहीर केलं की वर्गणी न भरणाऱ्यांना महिन्याला वीसच चित्रं चढवता येतील. लोक इतके संतापले की काही दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. पण यंत्र विकत घेतलेल्या माणसाला आपल्याच यंत्रासाठी परवानगीची वाट पाहावी लागते, हे त्यातून दिसलं. विकत घेण्याआधी विचारा: इंटरनेट बंद असताना कापता येतं का? एसव्हीजी, डीएक्सएफ, पीडीएफ बाहेर काढता येतं का? संगणक बदलला तर परवाना नव्यावर नेता येतो का?

मी आता इंकस्केपवर अक्षरं मांडतो. ते मोफत आहे, युनिकोडमधली जोडाक्षरं नीट घडवतं आणि एचपीजीएल थेट प्लॉटरला पाठवू शकतं. फॉन्ट मुक्ता किंवा बालू. मुंबईच्या एक टाइपचे हे फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतात. युनियन केल्यावर मजकूर मजकूर राहत नाही, नंतर काना-मात्रा सुधारता येत नाही, म्हणून आधीची प्रत वेगळी ठेवायची. छापील स्टिकर खुणांवरून अचूक कडेनं कापायचे असतील तर मात्र इंकस्केप एकटं पुरत नाही. रोलँड, ग्राफटेक या जपानी कंपन्या आपल्या यंत्रांसाठी त्याची सॉफ्टवेअरं देतात, आणि ते काम रोजचं असेल तर त्यासाठी पैसे मोजावेत असं माझं मत आहे.

दुकानात न्यायचा माझा शब्द ‘किर्लोस्करवाडी’ आहे. त्यात पहिली वेलांटी आहे, रफार आहे, जोडाक्षर आहे, आणि अनुस्वार नाही, म्हणजे सुटा ठिपका एकही नाही. दोन इंच उंचीचा कापायला लावा. भोवतालचं विनाइल काढून टाका आणि शेवटच्या वेलांटीला चिमट्यानं धरून हळूच वर उचला. पूर्ण शब्द एका माळेसारखा हातात आला तरच पैशांचं बोला.