व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि बिघाड शोधण्याची शिस्त



घरातली वस्तू बंद पडली की आपण काय करतो? हलवून बघतो, थापटतो, एखादा भाग बदलून बघतो, नाहीतर नवीन आणतो. मुलंही हेच बघतात आणि हेच शिकतात. "का बंद पडली?" हा प्रश्न विचारायची सवय त्यांना लागत नाही. ही सवय लावायला आज एक जुनं यंत्र मदतीला घेऊ या: हॅम रेडिओसाठी, म्हणजे हौशी रेडिओसाठी, वापरला जाणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. यात बिघाड लपून राहत नाही. तो दिसतो, मीटरवर मोजता येतो आणि पायरीपायरीने पकडता येतो.

आधीच एक सांगून ठेवते. हे यंत्र मुलांच्या हातात द्यायचं नाही. त्यातली विचार करायची रीत तेवढी द्यायची. कारण पुढे येईलच.

व्हॉल्व्ह म्हणजे काय?

शेतात पाइपलाइन असलेल्या पालकांना हा शब्द नव्याने सांगायला नको. व्हॉल्व्ह थोडा फिरवला की पाण्याची मोठी धार कमी-जास्त होते. आमच्या दुधनीत बरीच मुलं घरी कन्नड बोलतात, ती नळाला 'नल्ली' म्हणतात. शब्द कुठलाही घ्या, कल्पना तीच: हाताचा छोटा जोर आणि पाण्याचा मोठा बदल.

काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. आत एक तार तापते आणि ऋणाग्राला तापवते. तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि समोरच्या धनाग्राकडे धावतात. १९०४ मध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी अशी दोन अग्रांची नळी केली. वीज एकाच दिशेने जाते, म्हणून तिला व्हॉल्व्ह हे नाव पडलं. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी मध्ये तिसरा भाग घातला: जाळी, म्हणजे ग्रिड. जाळीवरचा व्होल्टेज थोडा बदलला की धनाग्राकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. यालाच वर्धन म्हणजे अ‍ॅम्प्लिफिकेशन म्हणतात. जत्रेतला कर्णा असो की रेडिओचं प्रक्षेपण, मूळ युक्ती हीच.

मुंबईतलं एक उदाहरण

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गोवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला आणि नेत्यांची धरपकड सुरू झाली. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. अशा वेळी उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी भूमिगत 'काँग्रेस रेडिओ' चालवला. उषाताई तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. तांत्रिक मदत करणाऱ्यांत नरिमन प्रिंटर हे हौशी रेडिओवाले होते, तर 'शिकागो रेडिओ' या कंपनीचे नानक मोटवाने यांनीही साहाय्य केलं. महायुद्ध सुरू झाल्यावर सरकारने हौशी मंडळींना आपले प्रक्षेपक जमा करायला लावले होते, म्हणजे हे काम किती जोखमीचं होतं ते लक्षात येईल.

ट्रान्झिस्टरचा शोध लागला डिसेंबर १९४७ मध्ये. त्यामुळे १९४२ चं हे सगळं काम व्हॉल्व्हवरच चाललं. पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. जागा बदलली की एरियलची लांबी, उंची, भोवतालच्या भिंती बदलतात. मग अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा जुळवावा लागतो, नाहीतर शक्ती हवेत न जाता नळीतच उष्णता होऊन बसते. १२ नोव्हेंबर १९४२ ला पोलिसांनी केंद्र पकडलं. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली.

या केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर होती. आठवीच्या मुलांना हे गणित द्या: तरंगलांबी मीटरमध्ये असेल तर ३०० ला तिने भागलं की वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये मिळते. ३०० ÷ ४२.३४ = सुमारे ७.०९. आज भारतात हौशी मंडळींना दिलेला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झचा पट्टा हाच. इतिहास आणि भागाकार एकाच फळ्यावर येतात, बघा.

आराखडा: आधी कागदावर

'८०७' नावाचा व्हॉल्व्ह जगभरच्या हौशी मंडळींनी पुष्कळ वापरला. त्याचे आकडे घेऊन साधा आराखडा करू.

१. तापतारेला ६.३ व्होल्ट आणि ०.९ अँपिअर लागतात. गुणाकार केला की सुमारे ५.७ वॉट. ही शक्ती फक्त नळी तापवायला.

२. धनाग्राला ६०० व्होल्ट दिले आणि प्रवाह १०० मिलिअँपिअर, म्हणजे ०.१ अँपिअर असेल, तर आत जाणारी शक्ती ६०० × ०.१ = ६० वॉट.

३. त्यातले साधारण ४० वॉट एरियलकडे जातात. उरलेले २० वॉट धनाग्रावर उष्णता होतात. ८०७ चं धनाग्र सतत २५ वॉट उष्णता सोसू शकतं. म्हणजे हिशोब बसतो, पण फार मोकळीक नाही.

४. अशा मांडणीत धनाग्राला साधारण ६०० ÷ (२ × ०.१) = ३००० ओहमचा भार हवा असतो. एरियलच्या केबलचा भार मात्र ५० ओहम. हे दोन जुळवायला मध्ये एक कॉइल आणि दोन बदलते कंडेन्सर बसवतात. सायकलचा गिअर जसा पायाचा जोर आणि चढ यांचा मेळ घालतो, तसं हे.

भागाकार-गुणाकार येणाऱ्या मुलाला यातल्या पहिल्या तीन पायऱ्या जमतात. "हे गणित कुठे वापरायचं?" असं मुलं विचारतात, त्याचं एक उत्तर इथे आहे.

धोका: हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

६०० व्होल्टचा झटका जीव घेऊ शकतो. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे: प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. ३२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ६०० व्होल्टला भरला तर त्यात सुमारे ५.८ ज्यूल ऊर्जा असते. ती रिकामी करायला कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना ब्लीडर नावाचा रोध कायम जोडलेला असतो. ५० हजार ओहमचा ब्लीडर असेल तर साधारण आठ सेकंदांत बहुतेक सगळा भार उतरतो. पण ब्लीडरच तुटलेला असेल तर? बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून जाणकार माणूस प्लग काढतो, थांबतो, मीटरने मोजतो, रोध लावलेल्या काठीने कंडेन्सर उतरवतो आणि पुन्हा मोजतो. मगच हात घालतो.

पालकहो, माळ्यावरचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मूल उघडत असेल तर त्याला रागावू नका, पण एकटंही सोडू नका. तो रेडिओ वर्षानुवर्षं बंद असला तरी थेट प्लगमध्ये घालू नका.

बिघाड शोधायचा कसा?

प्रक्षेपकात टप्पे असतात: लहरी निर्माण करणारा ऑसिलेटर, मग बफर, मग ड्रायव्हर, मग शेवटचा मोठा व्हॉल्व्ह आणि शेवटी एरियल. आवाज जात नाही म्हणून पहिल्या टप्प्यापासून एकेक भाग उघडत बसलं तर दिवस जातो. जाणकार मध्येच एक प्रश्न विचारतो: शेवटच्या व्हॉल्व्हच्या जाळीपर्यंत प्रवाह येतो आहे का? येत असेल तर मागचे तीन टप्पे ठीक, दोष पुढे. येत नसेल तर दोष मागे. एका मापात शोधाचं बरंचसं क्षेत्र बाद होतं.

पुढची लक्षणं अशी:

• जाळीचा प्रवाह आहे, धनाग्राचा शून्य. उच्च व्होल्टेज पोहोचत नाही. फ्यूज, रेक्टिफायर, मधली चोक कॉइल तपासायची.

• जाळीचा प्रवाह शून्य, धनाग्राचा भरपूर, आणि धनाग्र लाल होतं आहे. आधी बंद करा. मागून येणारी लहर थांबली आणि तिच्यामुळे जाळीवर तयार होणारा ऋण व्होल्टेजही गेला. म्हणूनच चांगल्या आराखड्यात जाळीला थोडा ऋण व्होल्टेज कायम दिलेला असतो.

• कंडेन्सर फिरवताना धनाग्राचा प्रवाह एका जागी खाली जायला हवा. तीच जुळणीची खूण. ती खूण येतच नसेल तर कॉइलचे वेढे किंवा कंडेन्सर चुकीचा आहे.

• खूण येते, पण एरियलकडे काही जात नाही. केबल, तिचा जोड किंवा एरियल बघायचं.

• मागून लहर दिलेलीच नाही, तरी प्रवाह उड्या मारतो. व्हॉल्व्ह स्वतःच लहरी निर्माण करू लागला आहे. पत्र्याचा आडपडदा आणि धनाग्राजवळचा छोटा रोध-कॉइल बघायचा.

दोष एरियलचा की यंत्राचा, हे ठरवायला एरियलच्या जागी ५० ओहमचा भार लावतात. १००० ओहमचे २० कार्बन रोध समांतर जोडले की १००० ÷ २० = ५० ओहम. प्रत्येक रोध २ वॉटचा, म्हणून एकूण ४० वॉट सोसतो. चाचणीत बाहेर कुणाला त्रासही होत नाही.

आणि फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर जाड तार घालणं हा उपाय नाही. फ्यूज तक्रार सांगतो आहे, ती ऐकायची.

वर्गातली कृती: १६ तारा

साहित्य: वायरचे १६ तुकडे, १.५ व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा बल्ब, इन्सुलेशन टेप.

कृती: सगळ्या तुकड्यांच्या मध्यभागी टेप गुंडाळा. एका तुकड्यात टेपखाली तार कापून ठेवा. सगळे एकापुढे एक जोडा. बल्ब लागणार नाही. आता तुटका तुकडा शोधायचा.

बहुतेक मुलं पहिल्या तारेपासून एकेक तपासतील. नशीब खराब असेल तर १५ तपासण्या लागतात. मग सुचवा: "मधून तपासलं तर?" पहिल्या ८ तारांवर बल्ब लागला तर दोष दुसऱ्या ८ मध्ये. मग ४, मग २, मग १. फक्त चार तपासण्या! प्रत्येक तपासणीची नोंद वहीत करायला लावा. नोंद नसेल तर मूल तेच तेच पुन्हा तपासत बसतं.

चर्चेचे प्रश्न:
१. ३२ तारा असत्या तर किती तपासण्या? ६४ असत्या तर?
२. दोन तारा तुटक्या असतील तर ही रीत कुठे अडेल?
३. दोष सापडल्यावर सगळी साखळी पुन्हा का तपासायची?

वहीतला बिघाड

ही रीत आपल्यालाही लागू आहे. पाच पायऱ्यांचं शाब्दिक उदाहरण चुकलं की आपण लाल फुली मारतो आणि पूर्ण गणित पुन्हा करायला सांगतो. म्हणजे न मोजताच भाग बदलायचा! त्याऐवजी तिसऱ्या पायरीवर बोट ठेवा आणि विचारा, "इथपर्यंत बरोबर आहे का?" असेल तर चूक पुढे, नसेल तर मागे. मुलाला कळतं की सगळंच चुकलेलं नाही, एक जागा चुकली आहे. ज्या मुलाला "तुला गणित येत नाही" असं ऐकायची सवय झाली आहे, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा असतो.

ज्यांच्या मुलांना रेडिओची खरोखर गोडी आहे, त्या पालकांसाठी: वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की केंद्र सरकारची हौशी रेडिओची परीक्षा देता येते. सुरुवातीच्या श्रेणीत ५० वॉटपर्यंत परवानगी मिळते. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणं गुन्हा आहे. परवाना हाती येईपर्यंत ऐकायला सुरुवात करता येते आणि १६ तारांचा खेळ तर उद्याच मांडता येईल.

आपल्या वर्गात किंवा घरी करून बघा. मुलांनी पहिली तपासणी कुठून सुरू केली, तेवढं मात्र नक्की टिपून ठेवा.