जुन्या ट्रॅक्टरचा ॲल्युमिनियम मॅनिफोल्ड : दुरुस्ती व काळजी

राजुरा, कोरपना व जिवती या भागात खरिपाची पेरणी साधण्यासाठी फार थोडे दिवस मिळतात. ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आली की कपाशी, सोयाबीन व तुरीची पेरणी लवकरात लवकर आटोपावी लागते. नेमके याच वेळी ट्रॅक्टर बंद पडला तर वाफसा निघून जातो आणि पुढील सर्व मेहनतीवर त्याचा परिणाम होतो. म्हणून बियाणे व खताबरोबर यंत्राचीही तयारी पावसापूर्वीच होणे आवश्यक आहे.

आपल्याकडे जुने ट्रॅक्टर अजूनही मोठ्या संख्येने कामावर आहेत. त्यापैकी काहींचे उत्पादन आता होत नाही. उदाहरणार्थ, पिंजोर येथील एच.एम.टी. कारखान्यात १९७१ पासून ट्रॅक्टर तयार होत असत. हा विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा ट्रॅक्टरचा एखादा भाग तुटल्यास नवीन भाग सहजासहजी मिळत नाही, दुरुस्तीच करावी लागते. इंजिनात हवा नेणारा इनटेक मॅनिफोल्ड हा असाच एक भाग होय. तो दिसायला साधी नळी असली तरी त्याकडे केलेले दुर्लक्ष फार महागात पडते.

एक अनुभव

राजुरा तालुक्यातील एका शेतकरी बांधवांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या मॅनिफोल्डला बोल्टच्या कानाजवळ तडा गेला होता. ट्रॅक्टर सुरू होत होता, ओढही बरी होती. म्हणून त्यांनी तड्यावर बाजारातील लांबी थापली आणि उन्हाळाभर नांगरणी व वखरणी केली. लांबी केव्हा सुटली ते कळले नाही. जून महिन्यात इंजिन निळा धूर टाकू लागले व ऑइल पिऊ लागले. इंजिन उघडले तेव्हा लायनर व रिंगा झिजलेल्या आढळल्या. पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टर गॅरेजमध्ये आणि शेत दुसऱ्याच्या ट्रॅक्टरच्या पाळीची वाट पाहत, अशी स्थिती झाली. मूळ दुरुस्ती एका दिवसाची होती.

असे का घडते ?

एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. अडीच लिटर क्षमतेचे चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेते. म्हणजे मिनिटाला २००० फेऱ्यांवर ते सुमारे २५०० लिटर, तर तासाला दीड लाख लिटर हवा ओढते. ही सर्व हवा एअर क्लीनरमधून गाळून यावी अशी योजना असते. परंतु मॅनिफोल्ड एअर क्लीनरच्या पुढे असल्यामुळे त्याच्या तड्यातून शिरणारी हवा न गाळलेली असते. आपल्या भागात उन्हाळ्यात काळ्या जमिनीची धूळ उडते. त्यात खाणींच्या रस्त्यावरील कोळशाची व सिमेंट कारखान्यांच्या बाजूची धूळ मिसळते. ही धूळ ऑइलमध्ये मिसळून पॉलिश पेपरप्रमाणे काम करते. एअर क्लीनर कितीही स्वच्छ ठेवला तरी त्याचा येथे उपयोग होत नाही.

तडा जाण्याची कारणे

सर्वच मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचे नसतात, काही बिडाचे असतात. चुंबक लावून पाहावे. चिकटला तर बीड, न चिकटल्यास ॲल्युमिनियम समजावे.

तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट पसरते. ४० सें.मी. लांबीचा मॅनिफोल्ड ३० अंशांवरून ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापला तर तो अर्ध्या मिलीमीटरपेक्षा थोडा अधिक वाढतो. त्याच्या मागील बिडाचे हेड मात्र पाव मिलीमीटरच वाढते. हा फरक सहन व्हावा म्हणून बोल्टची छिद्रे थोडी सैल ठेवलेली असतात. लांब पाना लावून बोल्ट जरुरीपेक्षा जास्त आवळले, किंवा एका टोकाकडून आवळत नेले, तर कान तुटतो. याशिवाय एअर क्लीनरच्या पाइपाचा आधारपट्टा निखळून सर्व वजन मॅनिफोल्डवर येणे, गॅस्केट काढताना पेचकस ठोकून उचकणे व इंजिनाची थरथर ही कारणे नेहमी आढळतात.

गळती कशी ओळखावी ?

१) एअर क्लीनरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा रबरी पाइप काढून आत पांढरे फडके फिरवावे. धूळ आढळल्यास गळती एअर क्लीनरमध्ये किंवा पाइपात असण्याचा संभव असतो. येथे फडके स्वच्छ निघाले पण मॅनिफोल्डच्या आत धूळ दिसली, तर दोष मॅनिफोल्डमध्ये किंवा त्याच्या जोडात शोधावा.

२) टर्बो नसलेले डिझेल इंजिन मंद गतीवर ठेवून एअर क्लीनरचे तोंड सपाट फळीवर रबर लावून झाकावे. जोड घट्ट असल्यास इंजिन थोड्याच वेळात बंद पडते. ते चालतच राहिले तर हवा दुसरीकडून येत आहे असे समजावे. तोंडावर हात किंवा कापड ठेवू नये. कापड आत ओढले जाते.

३) मॅनिफोल्ड काढून स्वच्छ करावा. बाहेरून खडूची भुकटी पाण्यात कालवून लावावी व वाळू द्यावी. नंतर आतून रॉकेल, ते न मिळाल्यास डिझेल लावावे. तडा असेल तेथे पांढऱ्या खडूवर ओली रेघ उमटते. ही चाचणी जवळजवळ फुकट होते आणि डोळ्यांना न दिसणारा तडाही दाखविते.

मॅनिफोल्ड काढल्यावर हेडची तोंडे स्वच्छ कापडाच्या मोठ्या बोळ्यांनी बंद करावीत. बोळे मोजून ठेवावेत व जोडणीच्या वेळी तेवढेच परत निघाले याची खात्री करावी.

दुरुस्ती करावी की बदलावा ?

कानाजवळचा तडा, तुटलेला पण जवळ असलेला तुकडा, लहान छिद्र व खराब झालेले आटे यांची दुरुस्ती चांगली होते. आटे खराब असतील तर तारेचा आटा (हेलीकॉइल) बसवावा. परंतु पूर्वी पितळेने जोडण्याचा प्रयत्न झालेला, अनेक ठिकाणी फुटलेला किंवा सच्छिद्र झालेला मॅनिफोल्ड बदलणेच योग्य. भंगार बाजारातून त्याच मॉडेलचा जुना मॅनिफोल्ड घेताना खडूची चाचणी करूनच घ्यावा.

वेल्डिंगची पद्धत

हे काम अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे. तरीही पद्धत आपणास माहीत असल्यास काम नीट होते किंवा नाही हे पाहता येते.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, ओतीव मिश्रधातू त्याहूनही कमी तापमानाला. मात्र त्यावर असलेला ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांपेक्षा जास्त तापमानाला वितळतो. शिवाय लोखंडाप्रमाणे ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही. पाहता पाहता खाली गळून पडते. म्हणून लोखंडाची नेहमीची वेल्डिंग सळई व पितळेची जोडणी येथे चालत नाही. उलट-सुलट प्रवाहावर (ए.सी.) शुद्ध आर्गॉन वायू वापरून केलेले टिग वेल्डिंग सर्वांत चांगले. ती सोय नसल्यास ॲल्युमिनियमचा फ्लक्स वापरून गॅस वेल्डिंग करता येते; मात्र उरलेला फ्लक्स धातू खातो, म्हणून तो गरम पाण्याने ब्रशने घासून पूर्ण धुवावा.

अ) तेल व काजळी पूर्ण काढावी. जुना मॅनिफोल्ड तेल प्यायलेला असतो. तो एकदा गरम करून आतले तेल बाहेर आणावे व पुन्हा पुसावे. धुण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण वापरू नये. वेल्डिंगच्या ज्योतीत त्यापासून फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो.

ब) तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मि.मी.चे छिद्र पाडावे, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. नंतर तड्यावर इंग्रजी व्ही आकाराची खाच करावी. फक्त ॲल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस तारेच्या ब्रशने ऑक्साइड घासून लगेच काम सुरू करावे.

क) मॅनिफोल्ड जाड सपाट पट्टीवर किंवा जुन्या हेडवर बोल्टने बसवावा, म्हणजे तो वाकत नाही.

ड) १५० ते २०० अंशांपर्यंत सर्व बाजूंनी सारखा गरम करावा. पाण्याचा थेंब चुरचुरत लगेच उडून गेला तर उष्णता योग्य आहे. थेंब गोळी होऊन नाचू लागल्यास थांबावे.

इ) पाच टक्के सिलिकॉन असलेली सळई (४०४३) वापरावी. थोडे थोडे वेल्डिंग करावे.

ई) काम झाल्यावर कोरड्या राखेत झाकून सावकाश थंड होऊ द्यावा. पाणी मुळीच मारू नये.

थंड झाल्यावर खडूची चाचणी पुन्हा करावी. नंतर बसणीची बाजू सरळ पट्टी व फिलर गेजने तपासावी. ०.१० मि.मी.चे पान खाली शिरत असल्यास जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर ती बाजू घासून सपाट करावी. फरक जास्त असल्यास वर्कशॉपमध्ये फेसिंग करून घ्यावे.

लांबीचा उपयोग

ऐन पेरणीत वेल्डिंगची सोय नसेल तर इपॉक्सी लांबी लावून दोन दिवस निभावता येते. मात्र तडा खरवडून, तेल काढून, बाहेरूनच लावावी. आतून लावलेला तुकडा सुटल्यास सरळ इंजिनात जातो. पेरणी आटोपताच कायमची दुरुस्ती करावी.

जोडणी

मॅनिफोल्ड साबणाच्या गरम पाण्याने आतून धुवावा व हवेच्या दाबाने वाळवावा. कानशीचा कीस किंवा वेल्डिंगची गोळी आत राहिल्यास सर्व काम व्यर्थ जाते. गॅस्केट नवीनच घ्यावे. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापानेच आवळावेत. काही तास काम झाल्यावर इंजिन थंड असताना पुन्हा तपासावेत. पाइपाचा आधारपट्टा जागेवर लावावा. ऑइलबाथ एअर क्लीनरचे ऑइल खुणेपर्यंत आहे काय, हे धुळीच्या दिवसांत रोज पाहावे.

जुन्या मोटारी व जीप

प्रीमियर पद्मिनी व २०१४ पर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसडर यांसारख्या पेट्रोलच्या जुन्या मोटारी काही बांधवांनी जपून ठेवल्या आहेत. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये गळती असल्यास जास्तीची हवा शिरून मिश्रण पातळ होते. इंजिन मंद गतीवर अडखळते व जास्त तापते. मॅनिफोल्ड ॲल्युमिनियमचा असेल तर वेल्डिंगची पद्धत वरीलप्रमाणेच आहे. मात्र पेट्रोलच्या वाफेजवळ ज्योत नेऊ नये आणि पेट्रोल लागणाऱ्या जागी साधी लांबी भरू नये.

सारांश, एप्रिल-मे महिन्यात एक सकाळ काढून फडके व खडू घेऊन मॅनिफोल्ड तपासावा. बियाण्याची उगवणशक्ती आपण पेरणीपूर्वी पाहतो, तशीच इंजिनाच्या श्वासाचीही परीक्षा करावी. तडा लहान असतानाच जोडला तर इंजिन वाचते आणि पेरणीही वेळेवर होते.