हमीपत्रावर सही केली, आता दाखला देतील?

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे. मधल्या सुट्टीत मारामारी केली म्हणून त्याला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं. ‘पुन्हा तक्रार आली तर दाखला घेऊन जाऊ’ असं हमीपत्रही आमच्याकडून लिहून घेतलं. आता आमचं काहीच चालणार नाही का?
– एक आई, तासगाव

उत्तर : ताई, घाबरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १६नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. तुमच्या सहीने कायदा बदलत नाही. (अल्पसंख्याक शाळांना मात्र हा कायदा लागू नाही, तेवढं तपासा.) खरी मेख वेगळीच असते. ‘तुम्हीच दाखल्यासाठी अर्ज द्या’ असं गोडीगुलाबीनं सुचवलं जातं. तो अर्ज दिलात की शाळा नामानिराळी! तेव्हा तो देऊ नका.

कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला मनाई करतं. दिवसभर दाराबाहेर उभं करणं माझ्या मते त्यातच मोडतं. पण पहिल्याच भेटीत कलमं ऐकवू नका. कुणाच्या तरी मुलाला लागलंय, ते आधी मान्य करा. मग मुख्याध्यापकांना विचारा, भांडण कशावरून पेटलं? या वयात बहुधा टोपणनावावरून पेटतं, आणि चिडवणारा नामानिराळा राहतो. जागा बदलणं, सुट्टीत एखादं काम सोपवणं, समुपदेशकांशी बोलणं असे उपाय सुचवा. विनंती लेखी द्या, पोच घ्या. दाद लागली नाही, तरच गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.