कोरडेपणा कुठे आहे, ते आधी पाहा

चि. मृणाल हिस,


ताईकडून सगळं कळलं. माघात लग्न आहे, थंडीने गाल खरखरीत झालेत, ओठांच्या कडा उलल्या आहेत आणि पार्लरमध्ये तुला चेहऱ्यात ‘स्किन बूस्टर’ची इंजेक्शनं घ्यायला सांगितलंय. पैसे भरण्याआधी विचारलंस, फार बरं केलंस. लग्नात छान दिसावं असं वाटण्यात काहीच गैर नाही. पण इतकी वर्षं लोकांची त्वचा तपासत आले, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: थंडीतला कोरडेपणा त्वचेच्या ज्या थरात असतो, त्या थरासाठी ही इंजेक्शनं नसतातच.

चेहऱ्याच्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. त्यातल्या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं हा त्या विटांमधला चुना. शरीरातलं पाणी आत राहतं ते या भिंतीमुळे. मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी होते, ऑफिसात दिवसभर एसी चालू असतो, त्यात आपण कढत पाण्याने आणि साबणाने हा चुना रोज धुऊन काढतो. मग पाणी उडून जातं, त्वचा ताणल्यासारखी वाटते, खाज सुटते, पापुद्रे निघतात.

आता इंजेक्शनाचं. त्यात असतं हायलुरॉनिक ॲसिड. कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गायीच्या डोळ्यातल्या द्रवातून ते पहिल्यांदा वेगळं केलं. आपल्या त्वचेच्या आतल्या थरातही ते मुळात असतंच आणि पाणी धरून ठेवतं. नुसतं टोचलं तर एक-दोन दिवसांत शरीर त्याची विल्हेवाट लावतं. म्हणून काही कंपन्या त्याचे रेणू रसायनाने एकमेकांना जोडतात. इटलीतल्या ‘प्रोफायलो’ या इंजेक्शनात मात्र मोठे आणि लहान रेणू उष्णतेने एकत्र केलेले असतात. २ मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये ६४ मिलिग्रॅम, प्रत्येक गालावर ५ ठिकाणी, महिन्याच्या अंतराने दोनदा, अशी त्याची नेहमीची पद्धत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२३ मध्ये ‘स्किनव्हीव’ या अशाच इंजेक्शनाला मंजुरी दिली, ती २१ वर्षांवरील लोकांच्या गालांचा मऊपणा सुधारण्यासाठी. बारीक रेषा, पोत, तजेला यांत फरक पडतो आणि तो साधारण सहा महिने टिकतो. हे खरं आहे. पण उललेली वरची भिंत त्याने सांधली जात नाही. हजारो रुपये खर्चूनही पापुद्रे निघतच राहतील.

तेव्हा आधी भिंत सांध. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात आटप. चेहऱ्याला फेस येणारा फेसवॉश दिवसातून एकदा, तोही सौम्य. डाळीचं पीठ आणि स्क्रब थंडी संपेपर्यंत बंद. रेटिनॉल किंवा ॲसिडची सीरम लावत असशील तर तीही तूर्त थांबव. अंघोळीनंतर अंग खसाखसा न पुसता टिपून घे आणि त्वचा ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं क्रीम लाव. हातापायांना युरियाचं क्रीम चांगलं, पण उललेल्या जागी ते झोंबतं. ओठांना आणि टाचांना रात्री पेट्रोलियम जेली. आपल्याकडे अंघोळीआधी तेल लावून ते उटण्याने काढून टाकायची रीत आहे. दिवाळीला ती हवीच, पण रोजच्या कोरडेपणावर खोबरेल अंघोळीनंतर ओल्या अंगावर लावलेलं जास्त उपयोगी. नुसतं पाणी जास्त पिऊन हा कोरडेपणा जात नाही.

दोन-तीन आठवडे नेमाने कर. त्यानंतरही खाज, लाली, भेगा राहिल्या तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. ते एक्झिमा असू शकतं, किंवा थायरॉइड कमी पडत असेल. ते वेळीच कळायला हवं.

भिंत सांधली गेल्यावरही इंजेक्शन घ्यावंसं वाटलं, तर मी अडवणार नाही. पण काही गोष्टींत तडजोड करू नकोस. टोचणारी व्यक्ती एमडी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन हवी. वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मागायला लाजू नकोस. सीलबंद सिरिंज तुझ्यासमोर उघडली पाहिजे आणि तिच्या बॅच क्रमांकाची चिकटपट्टी तुझ्या कागदावर लागली पाहिजे. हायलुरॉनिक ॲसिड विरघळवणारं ‘हायलुरॉनिडेज’ तिथे तयार आहे का, हे विचार. औषध रक्तवाहिनीत जाण्याचा धोका कमी असला तरी असतो. अति दुखायला लागलं, त्वचा पांढरी पडली, जाळीसारखे जांभळे डाग उठले किंवा नजर अंधुक झाली तर त्याच क्षणी डॉक्टरांकडे जायचं. रक्त पातळ करणारी गोळी, ओठांवर वारंवार उठणारी नागीण, ॲलर्जी, यातलं काहीही डॉक्टरांपासून लपवू नकोस. सुईविना दाबाने औषध आत सोडणारी ‘हायलुरॉन पेन’ तर हातातही घेऊ नकोस. तिच्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये सावध केलं आहे.

वेळेचाही हिशोब ठेव. टोचलेल्या जागी फुगवटे येतात, काळंनिळं पडू शकतं. शेवटची खेप लग्नाच्या निदान महिनाभर आधी झाली पाहिजे. तेवढी सवड नसेल तर यंदा राहू दे, लग्नानंतर कधीही घेता येईल. ऐन लग्नाच्या आठवड्यात चेहऱ्यावर कुणालाही कसलाही नवा प्रयोग करू देऊ नकोस.

पार्लरमध्ये सांगून टाक, ‘आत्ता नको.’ त्यांनी सवलतीची मुदत संपतेय म्हणून घाई केली, तर ती घाईच नकार द्यायला पुरेसं कारण आहे. आजपासून क्रीम सुरू कर आणि तीन आठवड्यांनी मला उजेडात काढलेले फोटो पाठव. मग पुढचं आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मावशी