छातीतली कळ आणि पेन्शनचा कागद



महार रेजिमेंट 1941 साली बेळगावला उभी राहिली, त्यासाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता. आपल्या वस्त्यांत तिथले निवृत्त जवान आहेत, आणि भामरागडसारख्या भागात बंदोबस्त करून आलेली सीआरपीएफची मुलेही आहेत. भामरागडजवळ लाहेरीला 8 ऑक्टोबर 2009 रोजी 17 पोलीस शहीद झाले. अशा चकमकीतून वाचलेल्यांची झोप पुढे कशी गेली, याची नोंद मात्र क्वचितच होते.

सततच्या भीतीत शरीर सावधच राहते. रक्तदाब चढतो, झोप तुटते, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा होत राहते. त्यात खर्रा आला की धोका आणखी वाढतो. छातीत दाब, डाव्या हाताला कळ, घाम, धाप यांना "गॅस" म्हणून घरी बसू नका. पहिला ईसीजी चांगला आला तरी त्रास चालू असेल तर पुन्हा काढायला सांगा.

आता हक्काचे. हृदयविकाराने सेवेतून बाहेर पडलेल्या जवानाच्या कागदावर बहुतेकदा लिहिलेले असते, "आजार सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही." हा कागद वाचून माणूस गप्प बसतो. आम्ही अशी घरे पाहिली आहेत. पण सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग खटल्यात स्पष्ट केले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत झाला असे सर्वसाधारणपणे धरायचे आणि संशयाचा फायदा जवानाला द्यायचा. त्याला फेफरे येत होते, पण तत्त्व इतर आजारांनाही लागू पडते. अपंगत्व 20 टक्के किंवा जास्त असावे लागते. सप्टेंबर 2023 पासून नियम बदलले आहेत, म्हणून सेवा कधी संपली ती तारीख आधी पाहा.

हृदयविकारात सर्वात मोलाची नोंद म्हणजे झटक्याच्या आधीच्या 14 दिवसांचे काम. लष्करी डॉक्टरांच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत हेच तपासायला सांगितले आहे. गस्त किती, रात्रपाळी किती, चकमक झाली का, हे युनिटकडून लेखी मागा. भरतीचा वैद्यकीय अहवाल, डिस्चार्ज बुक, वैद्यकीय मंडळाचा कागद, सगळे एका पिशवीत ठेवा.

नकार आला तर आधी खात्यातच अपील. मग सैन्यातल्यांनी सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे, मुंबईला खंडपीठ आहे. सीआरपीएफचे नियम वेगळे आहेत, त्यांना उच्च न्यायालयात जावे लागते, आपल्याला नागपूर जवळचे. माजी सैनिकांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्जासाठी मदत मिळते.

खर्रा खात असाल तर मंडळापासून लपवू नका. विचारणारच आहेत, आणि खोटे पकडले गेले की बाकीच्या खऱ्यावरही विश्वास बसत नाही.

ताई, तुमचेही काम आहे. तो रात्री दचकून उठतो, फटाक्याने घामाघूम होतो, गर्दीत जात नाही, हे तारखेसह वहीत लिहा. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की ती वही डॉक्टरांना दाखवून केसपेपरवर नोंद करून घ्या.