घरातली प्रार्थना कुणी सांगायची?

आईबाबांनो, प्रथम कम्युनियनच्या वर्गात नाव घालायला येता तेव्हा तुम्ही बहुतेक जण एकच विचारता, "टीचर, सगळ्या प्रार्थना वेळेत पाठ होतील ना?" होतील. मुलांच्या पाठांतराची मला कधीच काळजी वाटली नाही. सोमवारी, शनिवारी आनंदाची रहस्यं, मंगळवारी, शुक्रवारी दुःखाची, गुरुवारी प्रकाशाची, हे ती धडाधड सांगतात. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली जपमाळेत घातली, हेही एखादी चुणचुणीत मुलगी सांगते. पण "घरी जपमाळ कोण म्हणतं?" असं विचारलं की उत्तर येतं, "आजी." आणि आजी गावी गेली की? मग मुलं एकमेकांकडे बघतात.

त्या आजीबद्दल आणि तुमच्याबद्दल मला बोलायचंय.

आपल्यातली कितीतरी कुटुंबं नगर रस्त्यानेच पुण्यात आली. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेरकडचे आपण. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला अजूनही जातो. तिकडच्या वाड्यावस्त्यांवर फादर रोज थोडेच असायचे? श्रद्धा टिकली ती घरात, संध्याकाळी सगळे एकत्र बसायचे म्हणून. अशाच घरांच्या हातात मराठीत काही वाचायला असावं म्हणून जर्मन जेझुइट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली नगर जिल्ह्यातल्या केंदळ गावी 'निरोप्या' मासिक काढलं. पुढे १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले. मासिक आजही चालू आहे, फक्त किती घरांत ते उघडलं जातं, हा प्रश्न आहे.

पुण्यात आपल्याला काय कमी आहे? क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला पेशव्यांनी १७९२ साली जागा दिली, इतकी जुनी आपली मुळं. रामवाडीला १९५५ पासून पेपल सेमिनरी आहे, देशभरातले होऊ घातलेले धर्मगुरू तिथे शिकतात. मिस्सा आहे, वर्ग आहेत, मोबाइलवर रोजचं वाचन आहे. तरी मुलाला देवाशी बोलताना पाहायला मिळतं ते फक्त रविवारी, तेही दुसऱ्याच्या आवाजात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातलं चर्च म्हटलं आणि श्रद्धेची पहिली घोषणा आईवडिलांनी करायची, असं सांगितलं. ते काम माझ्यावर टाकू नका. मी आठवड्यातून तासभर भेटते. तुम्ही रोज भेटता.

"पण आम्हाला बायबल कुठे येतं?" हे मी नेहमी ऐकते. यायला लागत नाही. चर्चने दर दिवसाचं वाचन नेमून दिलेलं आहे. रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात फिरतात, एका वर्षी मुख्यतः मत्तय, मग मार्क, मग लूक. योहान अधूनमधून, विशेषतः पुनरुत्थानकाळात. निवडायचं काम तुम्हाला नाहीच. जेवणाआधी टीव्ही बंद करा, क्रूसाची खूण करा, त्या दिवसाचं शुभवर्तमान कुणीतरी मोठ्याने वाचा. मग लगेच समजावून सांगू नका. विचारा, "यातलं काय खटकलं?"

ऑगस्टमध्ये सामान्यकाळाच्या विसाव्या आठवड्यात बुधवारी मत्तयच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट येते. मालक पहाटे मजूर लावतो, मग नऊला, बाराला, तीनला आणि अगदी पाच वाजताही. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच रोज. वर्गात ही गोष्ट वाचली की मुलं भडकतात. "हे चीटिंग आहे!" भडकू द्या त्यांना. येशूच्या गोष्टीतले पहाटेचे मजूरही असेच भडकले होते.

मग त्यांना सकाळच्या मजूर अड्ड्याची आठवण करून द्या. स्कूल व्हॅनमधून त्यांनी तो पाहिलेला असतो. घमेलं, फावडं, थापी पायाशी ठेवून, डबा पिशवीत घालून माणसं उभी असतात. टेम्पो थांबला की सगळे धावतात. मुकादम दोन-चार धडधाकट निवडतो आणि टेम्पो निघून जातो. विचारा, "शेवटपर्यंत उभं कोण राहत असेल?" मुलं बरोबर सांगतात: म्हातारा, लंगडणारा, कडेवर पोर असलेली बाई. दिवसभर उभं राहणं हे काम नाही, पण आराम तरी आहे का? आणि त्यांच्या घरी संध्याकाळी भाकरी अर्धीच लागते का? वर्गातला एक मुलगा यावर बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे त्याने काम नाही मोजलं, भूक मोजली." हे मी त्याला शिकवलं नव्हतं. देवाची कृपा कमाईवर मिळत नाही, हे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातलं वाक्य त्याला आता कधीच परकं वाटणार नाही.

मूल असं काही विचारील ज्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. "माहीत नाही, फादरांना विचारू" म्हणा, आणि खरंच विचारा. आईवडीलही शिकताहेत, हे मुलाला दिसू दे.

भाषेचं म्हणाल तर शाळा इंग्रजी, वर्ग इंग्रजी, म्हणून घरची प्रार्थनाही इंग्रजी करायची गरज नाही. एक तरी प्रार्थना मराठीत राहू द्या, नाहीतर आजारी आजीच्या उशाशी बसल्यावर नातवाला तिच्याबरोबर काहीच म्हणता येणार नाही.

दृढीकरण झालं की काही मुलं म्हणतात, "मला नाही बसायचं." चौदा-पंधराचं वय, ओढून बसवू नका. पण त्याच्यासाठी तुमची प्रार्थना बंदही करू नका. तो शेजारच्या खोलीत असला तरी ऐकत असतो. वाचनाची पाळी मात्र त्याच्याकडे ठेवा. घरातला दणदणीत आवाज आता त्याचाच असतो.

येत्या आठवड्यापासून एक साधी वही घाला. वाचनावरून मुलाला पडलेला प्रश्न तारखेसह त्यात लिहा आणि रविवारी वही वर्गात पाठवा. आपण धडा नंतर घेऊ, आधी त्या प्रश्नांवर बोलू.